रंगवलेल्या हातकागदावर मर्यादित आवृत्ती: कागद, शाई आणि क्रमांक

कोरणी (धागाकर्ता)

दोन ठोकळ्यांचं लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापायचं चित्र) आहे. प्रतिमा 30 × 40 सेंमी, आवृत्ती 20 प्रतींची. कागद सुती चिंध्यांचा हातकागद, 50 × 60 सेंमी, साधारण 200 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), चारही कडा साच्यातून निघाल्या तशाच ठेवलेल्या. तयार कागद निळीत (इंडिगोत) बुडवून मध्यम निळा करायचा, त्यावर पहिला ठोकळा पिवळा, दुसरा काळा, असा बेत आहे. शाई तेलाची, छपाई एचिंग प्रेसवर.

चाचणीत चार गोष्टी अडल्या.

1. कागद दमट केला की निळा रंग प्रेसच्या फेल्टला (लोकरी गादीला) आणि हाताला लागतो.
2. पिवळा ठोकळा कागदावर मळकट हिरवा दिसतो.
3. कडा सरळ नसल्यामुळे दोन ठोकळे एकमेकांवर नेमके बसत नाहीत.
4. एकाच दिवशी रंगवलेले कागदही एकसारखे नाहीत. अशा कागदांवरच्या प्रतींना 1/20, 2/20 असे क्रमांक देणं योग्य ठरेल का?

कागद, रंग किंवा छपाई, ज्या बाजूचं माहीत असेल त्या बाजूने लिहा.

---

लगदा

चारही अडचणींचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. रंगवलेला कागद हा छपाईचा पहिला रंग असतो. ठोकळ्याचे जसे प्रूफ (चाचणीचे ठसे) काढतो तसे कागदाचेही काढावे लागतात, आणि आवृत्तीचे सगळे कागद तयार होऊन, वाळून, निवडून झाल्याशिवाय पहिली प्रत छापू नये. निम्मे आज रंगवू, लागले तर उरलेले नंतर, असं केलं की आवृत्ती तिथेच फुटते.

आधी कागदाला खळ (पाणी शोषणं कमी करणारा लेप) किती आहे ते बघा. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत जिरला तर कागद बिनखळीचा. मिनिटभर तसाच फुगीर बसून राहिला तर खळ भरपूर. एकाच कागदावर पाच जागी थेंब टाका आणि वेळ मोजा. मध्यभागी एक वेळ आणि कडेला भलतीच, असं असेल तर रंगही ठिपक्याठिपक्यांनी चढणार, मग रंगाचं कुंड कितीही चांगलं असो. रंगवायला बिनखळीचा किंवा अगदी हलक्या खळीचा कागद घ्यावा आणि खळ रंगानंतर द्यावी.

जिलेटिनची खळ सोपी आहे. लिटरभर पाण्याला 20 ग्रॅम जिलेटिन. अर्धा तास गार पाण्यात फुगू द्यायचं, मग 50 अंशांपर्यंत गरम करून विरघळवायचं. उकळू द्यायचं नाही, उकळलं की जिलेटिनची पकड जाते. पसरट ट्रेमध्ये एकेक कागद दोन-तीन मिनिटं बुडवायचा, निथळवायचा आणि टीपकागदावर आडवा वाळवायचा. त्यानंतर निदान आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. या खळीने छपाईचा पृष्ठभाग घट्ट होतो आणि निळीचे सुटे कणही बरेचसे जागच्या जागी बसतात, म्हणजे तुमची पहिली अडचण इथेच निम्मी सुटते.

पुढच्या आवृत्तीला कागद स्वतः करणार असाल तर तयार कागदाऐवजी लगदाच रंगवा. रंग आरपार जातो, फाटलेली कडाही निळीच दिसते आणि कागदाकागदांत फरक खूप कमी पडतो. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला रंगद्रव्याचा, म्हणजे पिगमेंटचा. पिगमेंट विरघळत नाही, त्याचे कण तंतूंना चिकटवावे लागतात. तंतूंवर पाण्यात ऋण विद्युतभार असतो आणि कणांवरही बहुधा तोच, त्यामुळे दोघं एकमेकांना ढकलतात. म्हणून धन भाराचं रिटेन्शन एजंट घालायचं. ते पातळ करून, हळूहळू, ढवळत. मुठीत लगदा घ्या आणि काचेच्या ग्लासात पिळा. पाणी रंगीत असेल तर अजून थोडं घाला, नितळ आलं की थांबा. पुढे घालत राहिलात तर लगद्याच्या गुठळ्या होतात आणि कागद ढगाळ निघतो.

दुसरा रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा. हा रंग तंतूशी रासायनिक बंधाने जोडला जातो. मध्यम छटेसाठी सुक्या तंतूंच्या वजनाच्या 2 ते 4 टक्के रंग, लिटरला 50 ग्रॅम मीठ, आणि अर्ध्या तासाने लिटरला 10 ते 20 ग्रॅम सोडा अ‍ॅश. सोडा पडल्यावर तासभर ढवळत ठेवायचं. खरं काम पुढे आहे. तंतूला न जोडता पाण्याशीच जोडला गेलेला रंग आत अडकून राहतो आणि तोच पुढे दमट करताना सुटतो. पाणी नितळ येईपर्यंत धूत राहा, शेवटची दोन पाणी कोमट घ्या.

ओल्या लगद्याची छटा वाळल्यावर बरीच उतरते. तळहाताएवढा कागद काढून इस्त्रीने वाळवा आणि मगच प्रमाण ठरवा.

---

नीळकुंड

तुमचे कागद तयार आहेत, तेव्हा निळीपुरतं लिहितो.

निळीचा कण तंतूला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. कुंडात नीळ विरघळलेल्या रूपात असते, तंतूत शिरते आणि हवा लागली की पुन्हा न विरघळणारी होऊन तिथेच अडकते. जी आत शिरली ती टिकते. जी पृष्ठभागावर बसली ती घासली की निघते. फेल्टला लागतोय तो हा वरचा थर. दाट कुंडात एकदाच खूप वेळ ठेवलेल्या कागदावर तो जास्त असतो, पातळ कुंडात अनेकदा बुडवलेल्या कागदावर कमी.

कागदासाठी चुना आणि फळसाखरेचं (फ्रुक्टोजचं) कुंड सोयीचं. वजनाने नीळ 1 भाग, विझवलेला चुना 2 भाग, फ्रुक्टोज 3 भाग. गाळ पूर्ण खाली बसू द्या आणि कागद गाळाच्या वरच ठेवा. वर जमलेला निळा फेस आधी काढून घ्या, नाहीतर त्याचे ठिपके बसतात आणि ते निघत नाहीत. ओला हातकागद स्वतःचं वजन पेलत नाही, त्याच्याखाली पॉलिस्टरची जाळी धरूनच आत-बाहेर करा. कागद आधी साध्या पाण्यात भिजवून घ्या. कोरडा आत गेला तर आत हवा कोंडते आणि तिथे पांढरे गोल राहतात.

एका वेळी मिनिटभर बुडवा, बाहेर 10-15 मिनिटं हवा लागू द्या, पुन्हा बुडवा. छटा वाढते ती फेऱ्यांनी. मिनिटं वाढवून फक्त कागद कमजोर होतो.

आता एकसारखेपणाबद्दल. जसजसे कागद जातात तसतसं कुंड अशक्त होतं. पहिला कागद तीन फेऱ्यांत पूर्ण करून मग दुसरा घेतलात, तर पहिला गडद आणि शेवटचा फिकट होणारच. सगळ्या कागदांची पहिली फेरी आधी पूर्ण करा. दुसरी फेरी उलट्या क्रमाने, शेवटच्या कागदापासून सुरू करा. तिसरी पुन्हा सुलट. फरक बराच भरून निघतो.

मग स्वच्छ पाण्यात धुणं, एका पाण्यात लिटरला चमचाभर पांढरं व्हिनेगर, आणि पुन्हा साधं पाणी दोनदा. आम्लाचं पाणी शेवटचं ठेवू नका. वाळवताना टांगू नका. टांगलेल्या कागदात पाणी खाली उतरतं, सोबत रंग नेतं आणि खालच्या कडेला गडद पट्टा उमटतो. आडवे वाळवा.

शेवटी पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून कागदावर दहा वेळा घासा. फडक्यावर फिकट निळसर झाक आली तर चालेल. स्पष्ट निळा डाग आला तर पुन्हा धुवा, मग जिलेटिन.

---

रंगपेटी

नीळ सोडून इतर वनस्पतिजन्य रंगांचा विचार कोणी करत असेल तर थोडक्यात.

हळद आवृत्तीसाठी अजिबात नको. उन्हात काही दिवसांत उडते, शिवाय कागदात खडूची भर असेल तर चुना लागलेल्या हळदीसारखी तांबूस होते. हिरडा आणि हिराकस यांचा करडा-काळा दिसायला फार सुंदर, पण हिराकशीतलं लोह कागदाच्या तंतूंतल्या सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण वेगाने घडवतं आणि कागद तपकिरी, ठिसूळ होत जातो. तुरटी आम्लधर्मी आहे, भरपूर वापरली तर तीही कागद खाते. सुती तंतूला रंगबंधक म्हणून अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिटेट बरं.

कोणताही रंग असो, रंगवलेल्या पट्टीचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाकून उन्हाच्या खिडकीत चार ते सहा आठवडे ठेवा. शेजारी ब्लू वूल पट्टी (रंग किती लवकर उडतो ते ताडून बघायची निळ्या लोकरीची पट्टी) असेल तर तुलना नेमकी होते. तिच्यावर 1 म्हणजे सर्वांत लवकर उडणारा, 8 म्हणजे सर्वांत टिकाऊ. ही चाचणी कागद रंगवण्याच्या आधी, कारण नंतर करून उपयोग नाही.

---

शाईरूळ

दुसऱ्या अडचणीबद्दल. पिवळी शाई पारदर्शक असेल तर निळ्या कागदावर हिरवंच दिसणार. निळा कागद तांबडा प्रकाश शोषतो, पिवळी शाई निळा शोषते, मधला हिरवा तेवढा डोळ्यापर्यंत येतो. शाईचा थर जाड करून हे सुटत नाही. थर जाड केला की बारीक कोरीव रेषा बुजतात आणि शाईवर साय धरते.

खाली पांढरा थर द्या. टायटॅनियम पांढरा घ्या, झिंक पांढरा अर्धपारदर्शक असतो. पांढऱ्यात दहावा हिस्सा तोच पिवळा मिसळा, म्हणजे पुढच्या थराची कड अर्धा मिलिमीटर सरकली तरी पांढरी रेघ उठून दिसत नाही. तोच पिवळा ठोकळा वापरून पांढरा छापा, बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबा, मग त्याच ठोकळ्याने पिवळा. अपारदर्शक पिवळा घ्या, उदाहरणार्थ कॅडमियमचा. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमी चांगले.

शाई पाटीवर पसरवल्यावर रूळ फिरवताना कान द्या. बारीक, सलग सळसळ आली तर थर बरोबर. चिकट चरचर आली तर शाई जास्त आहे आणि हातकागदाचे तंतू उपटून ठोकळ्यावर येणार. तंतू उपटले जात असतील तर शाईची ओढ कमी करा. थोडं टॅक (चिकटपणा) कमी करणारं माध्यम किंवा जवसाच्या तेलाचे थेंब पुरतात. पण तेल जास्त झालं तर छापलेल्या आकाराभोवती पिवळसर वलय उमटतं. ते लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी कागदाच्या पाठीवर आधी दिसतं. शाई सैल झालीच तर मॅग्नेशियम कार्बोनेटने घट्ट करता येते.

आणखी एक. सुटी नीळ ठोकळ्यावर जमते आणि तिथून रुळावाटे पिवळ्या शाईत जाते. दर चार-पाच प्रतींनी ठोकळा कोरड्या फडक्याने पुसा, पाटीवरची शाई दर आठ-दहा प्रतींनी बदला. नाहीतर पहिल्या प्रतीतला पिवळा आणि विसाव्या प्रतीतला पिवळा वेगळे निघतील आणि दोष कागदावर ढकलला जाईल.

---

कोरणी

लगदा, नीळकुंड, शाईरूळ, तिघांचेही आभार. फेऱ्या उलट क्रमाने घ्यायच्या हे सुचलंच नसतं.

पांढरा थर घेतला तर छपाया तीन होतात आणि मध्ये वाळण्याचे दिवस जातात. कागद दमट ठेवून छापायचा तर इतके दिवस दमट कसा ठेवायचा?

---

टीपकागद

ठेवायचा नाही. तीन दिवस दमट राहिलेल्या जिलेटिनच्या कागदाला बुरशी धरते. आणि पहिली छपाई दमट, दुसरी कोरडी असं तर मुळीच नको. सुती कागद ओला झाला की पसरतो, वाळला की आकसतो. 40 सेंमीच्या प्रतिमेत सहज मिलिमीटरभराचा, कधी त्याहून जास्त फरक पडतो. मग रजिस्ट्रेशन (छपाया एकमेकींवर जुळवणं) कितीही नेमकं असलं तरी ठोकळे जुळत नाहीत. तुमच्या तिसऱ्या अडचणीतला काही भाग कडांमुळे नसून या पसरण्यामुळे असू शकतो.

तिन्ही छपाया कोरड्या करा. खडबडीत हातकागदावर कोरडं छापताना खळग्यांत शाई पोचत नाही, म्हणून कागद आधी दाबून घ्या. एकदाच हलका दमट करा, दोन गुळगुळीत धातूच्या पत्र्यांमध्ये ठेवून प्रेसमधून दोनदा काढा, मग टीपकागदांत वजनाखाली पूर्ण वाळवा. पृष्ठभाग सपाट होतो, तरी हातकागदाचा पोत मरत नाही. या दमट करण्यात नीळ सुटते का तेही कळतं, म्हणजे चाचणीही होऊन जाते. फेल्ट आणि कागद यांच्यामध्ये दर वेळी साधा कोरा कागद ठेवा.

एकाच ठोकळ्याचं किंवा एकाच दिवसात उरकणारं काम असेल तर दमट कागदाला तोड नाही. दर दुसऱ्या कागदावर बारीक फवारा, गठ्ठा पॉलिथिनमध्ये गुंडाळायचा, वर फळी आणि वजन, आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी कागद गालाला लावून बघा. गार लागला पाहिजे, ओला लागता कामा नये. चकाकी दिसत असेल तर पाणी जास्त आहे, टीपकागदात दाबून घ्या.

---

कडा_चार

रजिस्ट्रेशन. वेड्यावाकड्या कडेवरून माप घेणं सोडून द्या, कागदाच्या मध्यावरून घ्या.

कागदाच्या पाठीवर वरच्या कडेच्या मध्याशी पेन्सिलने बारीक इंग्रजी टीच्या आकाराची खूण करा, खालच्या कडेच्या मध्याशी एक उभी रेघ. दोन्ही खुणा एकाच मापपट्टीने, प्रत्येक कागदावर तितक्याच अंतरावर. प्रेसच्या पाटावर ठोकळ्याची जागा पक्की करून त्याच रेषेत तशाच खुणा करा. कागद ठेवताना आधी टी जुळवा, मग हळू खाली सोडत रेघ जुळवा. दोन माणसं असतील तर उत्तम.

यापेक्षा नेमकं हवं असेल तर पिन आणि टॅब. पाटावर दोन छोट्या गोल पिना चिकटवायच्या, प्रत्येक कागदाच्या वरच्या कडेला भोक असलेले दोन प्लॅस्टिकचे टॅब पाठीमागून कमी चिकट टेपने लावायचे. सगळ्या छपाया होईपर्यंत टॅब काढायचे नाहीत. टेप आधी रंगवलेल्या तुकड्यावर लावून, काढून बघा. खळ कमी असेल तर टेपसोबत कागदाची सालपटं निघतात.

एक कोपरा सरळ कापून केन्टो वापरण्याचा सल्लाही मिळेल. जपानी पद्धतीत ठोकळ्यावरच कोपऱ्याची खाच आणि बाजूची खाच असते, आणि ती फार नेमकी असते. पण चार नैसर्गिक कडांचा कागद मुद्दाम घेतल्यावर कोपरा कापणं मला पटत नाही.

---

ताम्रपट

एचिंगवाल्यांसाठी, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पाटीवरून छापणाऱ्यांसाठी, थोडी भर.

कागदात पाकळ्या, गवत, तूस घातलेलं असेल तर तो ताम्रपाटीवर वापरू नका. एचिंगच्या दाबाखाली कडक काडी पाटीला खड्डा पाडते आणि तो खड्डा पुढच्या प्रत्येक प्रतीत शाई धरतो. पाकळ्या दमट केल्यावर तपकिरी डाग सोडतात ते वेगळंच.

रंगीत कागदावर एचिंग म्हणजे सर्वांत उजळ छटा कागदाचीच. अ‍ॅक्वाटिंटच्या (आम्लाने सलग छटा उठवण्याच्या पद्धतीच्या) फिकट पायऱ्या निळ्यात बुडून जातात. पांढऱ्या कागदावर सहा पायऱ्या ओळखू येत असतील तर मध्यम निळ्यावर तीन-चार मोजता येतील, तेव्हा पाटी आम्लात ठेवण्याच्या वेळा त्या हिशोबाने ठरवा.

जाड रंगीत कागदापेक्षा शिन कोले, म्हणजे छापतानाच पातळ कागद जाड कागदावर चिकटवणं, जास्त सुरक्षित वाटतं. गाम्पी किंवा कोझोचा (जपानी झुडपांच्या सालीच्या तंतूंचा) पातळ रंगवलेला कागद पाटीच्या आकाराचा, प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर लहान कापायचा, कारण दमट झाल्यावर तो फुगतो. गव्हाच्या स्टार्चची खळ करायची. 1 भाग स्टार्च, 5 भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत अर्धा तास, मग गाळणीतून दाबून काढायची आणि दुधाइतकी पातळ करायची. ती पातळ कागदाच्या पाठीला लावून वाळवून ठेवायची. छापताना पाटीला शाई लावून पुसून झाली की पातळ कागद हलका दमट करून चांगल्या बाजूने शाईवर ठेवायचा, खळीची बाजू वर. त्यावर दमट केलेला जाड पांढरा कागद आणि प्रेस. छपाई आणि चिकटवणं एकाच दाबात होतं. कडा सुटल्या तर खळ पातळ होती किंवा जाड कागद पुरेसा दमट नव्हता. बुडबुडा आला तर खळ गठ्ठ्याने लागली होती.

यात रंगवायचा कागद थोडा लागतो, त्यामुळे सगळी आवृत्ती एकाच रंगाईत निघते. पातळ कोझो निळीत बुडवण्याआधी त्याला दोन्ही बाजूंनी कोन्याकूची (एका कंदाच्या पिठाची) पातळ पेज लावून वाळवली तर तो ओलाही टिकतो, कारण अल्कधर्मी कुंडात कोन्याकू घट्ट होतं.

---

मोजपट्टी

आता क्रमांकाबद्दल, कारण हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो आणि घ्यायचा असतो सर्वांत आधी.

1/20 लिहिणं म्हणजे या वीस प्रती एकमेकींसारख्या आहेत असं आश्वासन. रंगवलेल्या हातकागदावर ते पाळायचं असेल तर कागद जास्त रंगवावे लागतात. हिशोब असा: 20 प्रती, 2 कलाकाराच्या प्रती, 1 मंजूर प्रत जिच्याशी बाकी सगळ्या ताडून बघायच्या, 1 संग्रहासाठी. झाल्या 24. तीन छपायांत प्रत्येकी दोन बाद धरा, म्हणजे 30. चाचण्यांना सहा. एकूण 36 कागद एकाच रंगाईत.

वाळल्यावर सगळे दिवसाच्या पसरट उजेडात, थेट ऊन टाळून, जमिनीवर मांडा आणि गडद ते फिकट असे लावा. दोन्ही टोकांचे तीन-तीन बाजूला काढा, चाचणीला तेच घ्या. मधल्या तीसपैकी सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट शेजारी ठेवून बघा. फरक शोधावा लागला तर आवृत्ती एकसारखी. बघताक्षणी दिसला तर नाही.

---

लगदा

@मोजपट्टी, इथे माझं मत वेगळं आहे. हातकागदातला फरक दोष मानून गाळत बसलं तर हातकागद घ्यायचाच कशाला? जर्मन चित्रकार लुकास क्रानाखने 1507-08 च्या सुमाराला निळ्या रंगवलेल्या कागदावर सोनेरीत छापलं, 17व्या शतकात डच चित्रकार हर्क्युलस सेगर्सने एकाच पाटीचे ठसे वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर आणि कापडावर घेतले आणि प्रत्येक ठसा स्वतंत्र चित्र ठरला. रेम्ब्रां 1640 च्या दशकाच्या अखेरीपासून एकच चित्र कधी पांढऱ्या युरोपीय, कधी पिवळसर जपानी कागदावर छापत असे. फरक हीच तिथली श्रीमंती आहे.

---

मोजपट्टी

@लगदा, ती उदाहरणं मान्य, पण त्यातल्या एकाही ठशावर 1/20 किंवा तसला क्रमांक नाही. अपूर्णांकात क्रमांक घालण्याची पद्धत पुष्कळ नंतरची. फरक हवा असेल तर जरूर ठेवा, फक्त क्रमांकासोबत ई. व्ही. लिहा, म्हणजे फरक असलेली आवृत्ती. ई. व्ही. 1/20 वाचणाऱ्याला कळतं की पाटी तीच, कागद किंवा शाई प्रतीगणिक वेगळी. ते न लिहिता वेगवेगळ्या छटांच्या प्रती एका क्रमांकाखाली आणणं मला चुकीचं वाटतं, कारण घेणाऱ्यासमोर बहुतेक वेळा एकच प्रत असते आणि त्याला बाकीच्या कशा आहेत हे कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

दहा गडद आणि दहा फिकट करून दोन्हींवर 1/10 ते 10/10 लिहिणं हेही टाळा. करायचंच असेल तर सोबतच्या माहितीपत्रात एकूण प्रती 20, दोन छटांत, हे स्पष्ट लिहा.

---

लगदा

हे पटलं. ई. व्ही. लिहायला माझी हरकत नाही. माझा आग्रह एवढाच की ते लिहावं लागणं म्हणजे काम कमी प्रतीचं, असं कोणी समजू नये.

---

कोरणी

माझ्यासाठी निर्णय झाला. 36 कागद, तीन फेऱ्या उलटसुलट, धुणं, फडक्याची चाचणी, जिलेटिन, पत्र्यांमध्ये दाबणं, मांडून निवड. छपाई कोरडी: पांढरा, पिवळा, काळा. रजिस्ट्रेशन टीच्या खुणेने. मधल्या तीसमध्ये फरक दिसला तर ई. व्ही.

आता दोन लहान प्रश्न. माहितीपत्रात नेमकं काय लिहायचं? आणि निळ्या कागदावर पेन्सिलची सही दिसतच नाही, त्याचं काय?

---

मोजपट्टी

माहितीपत्रात: कागदाचे तंतू आणि जीएसएम, कागद कशाने रंगवला, खळ कोणती, ठोकळे किती आणि कशाचे, शाईचा प्रकार आणि पिगमेंट, एकूण प्रती, कलाकाराच्या प्रती, छपाईचं वर्ष, आणि छपाईनंतर ठोकळे रद्द केले का. रद्द करताना ठोकळ्यावर तिरकी रेघ कोरून एक ठसा घेऊन ठेवा. कागद निळीचा आहे, तर प्रखर उजेडापासून जपावा, हीही ओळ घाला.

---

टीपकागद

सहीसाठी तीन पर्याय. फिकट निळ्यावर 2बी पेन्सिल तिरक्या उजेडात दिसते, पण मध्यम निळ्यावर हरवते. पांढरी रंगीत पेन्सिल चालते, मात्र मेणाची असल्यामुळे ती बोटाने पसरते आणि वर ठेवलेल्या ग्लासीनला (गुळगुळीत, अर्धपारदर्शक संरक्षक कागदाला) लागते. तिसरा पर्याय रंगवण्याआधीच ठरवावा लागतो: खालच्या समासात सहीपुरती पट्टी तांदळाच्या लापशीने झाकून ठेवायची, म्हणजे तिथे नीळ चढत नाही. लापशी दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर कडेने नीळ आत शिरते. धुताना ती मऊ होऊन निघते आणि खाली कागदाचा मूळ पांढरा राहतो. त्यावर नेहमीची पेन्सिल: डावीकडे क्रमांक, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही.

लापशीची चाचणी आधी न रंगवलेल्या वेगळ्या कागदावर घ्या. खळ असलेल्या कागदावर ती चिकटत नाही, वाळताना पापुद्र्यासारखी सुटून येते.